काळा, ग्रे आणि स्पेशल कलर: छपाईला फोटो देण्याआधी नवीन माणसाने काय काय बघायचं

स्क्रीनवर सगळे काळे सारखेच दिसतात. छपाईत मात्र सायन, मॅजेंटा, यलो आणि काळा (सी, एम, वाय, के, म्हणजेच सीएमवायके) या प्रत्येक शाईची वेगळी प्लेट असते. प्रेसमध्ये गेलं की त्यातला एखादा फक्त काळ्या प्लेटवर येतो, एखादा चारही प्लेटवर पसरतो, आणि एखादा चारही प्लेटवर शंभर-शंभर टक्के येतो, मग मशीनवाला फोन करून विचारतो की हे काय पाठवलंय. स्पेशल कलरचं (या चारांबाहेरची, आधीच मिसळलेली शाई) त्याहून अवघड, गोल्डन शाईची चमक स्क्रीनला दाखवताच येत नाही. म्हणून डीटीपीत किंवा डिझाइनमध्ये नवीन असाल तर रंग नुसता डोळ्याने बघून ओके करायची सवय सोडा आणि प्रत्येक रंगाला एकच प्रश्न विचारा: बाबा, तू कुठल्या प्लेटवर जाणार?

उदाहरणाला एक काम धरू. दिवाळी अंक. कव्हर फोर कलर अधिक गोल्डन, आतली बहुतेक पानं सिंगल कलर, आणि एक फॉर्म (एकत्र छापला जाणारा पानांचा गट) टू कलर, काळा आणि लाल. फोटोचं काम फोटोशॉपमध्ये, पानं इनडिझाइनमध्ये किंवा कोरल ड्रॉमध्ये. आपल्याकडे कोरल अजून जोरात चालतं त्यामुळे त्याचंही जाता जाता सांगतो.

स्टेप १: आधी प्रेसला फोन

फाइल उघडायच्या आधी तीन गोष्टी विचारून घ्या. कागद कुठला (चकचकीत आर्ट पेपर, साधा मॅपलिथो की वर्तमानपत्राचा न्यूजप्रिंट), मशीन किती कलरचं, आणि गोल्डन म्हणजे शाई की फॉइल (दाबून चिकटवलेला चकाकता पातळ पत्रा). चार कलरच्या मशीनवर पाचवा रंग हवा असेल तर शीट वाळल्यावर परत मशीनमधून काढावा लागतो, म्हणजे पैसे वाढले, वेळ वाढला, आणि दुसऱ्या फेरीत रजिस्टर (रंगावर रंग नेमका बसणं) थोडंफार हलणार हे धरूनच डिझाइन करायचं. फॉइल असेल तर प्लेट नाही, ब्लॉक बनतो, त्याला आर्टवर्क एकदम भरीव काळं लागतं, त्यात टिंट किंवा शेड चालत नाही. हे आधी नाही विचारलं तर पुढची सगळी मेहनत परत करावी लागते, आणि ती रात्री अकरा वाजताच करावी लागते.

स्टेप २: आतल्या पानांचे फोटो खरोखरचे ग्रे करा

सिंगल कलर पानावर रंगीत फोटो तसाच सोडला तर काय होतं ते नीट समजून घ्या. फोटो सीएमवायके आहे, प्रेसने फक्त काळी प्लेट काढली, तर त्या प्लेटवर फोटोचा फक्त गडद भागच असतो कारण चेहऱ्याचा बाकीचा टोन मॅजेंटा आणि यलोवर बसलेला असतो. मग संपादकांचा चेहरा पांढराफटक आणि मिशा तेवढ्या काळ्याकुट्ट असं छापून येतं. म्हणून फोटोशॉपमध्ये इमेज, मोड, ग्रेस्केल करायचंच. त्याआधी ॲडजस्टमेंटमधलं ब्लॅक अँड व्हाइट वापरून लाल-पिवळ्याचे स्लायडर हलवून बघा, आपल्याकडच्या स्किन टोनला लाल थोडा वर घेतला की चेहरा उजळतो, नुसतं थेट ग्रेस्केल केलं की बऱ्याचदा मातकट येतो.

ग्रेस्केल केलं की तिथेच थांबा!! पुढे "छपाईसाठी सीएमवायके लागतं" असं कुणीतरी सांगितलंय म्हणून तो ग्रे फोटो परत सीएमवायके करायला जाल तर घात होईल, तो ग्रे परत चारही प्लेटवर पसरेल. ग्रेस्केल फाइल इनडिझाइनमध्ये ठेवली की ती आपोआप फक्त काळ्या प्लेटवर जाते, कोरलमध्येही तेच. कव्हरवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो हवा असेल तर ती गोष्ट वेगळी, तिथे चार कलरचा ग्रे मुद्दाम घेतात कारण त्याला खोली येते, पण सी, एम, वाय जरा इकडेतिकडे झाले की फोटोला गुलाबी किंवा हिरवी झाक मारते, तेव्हा त्या वाटेला जायचं तर प्रूफ (छापण्याआधीची नमुना प्रत) बघूनच.

मॅपलिथोवर आणि न्यूजप्रिंटवर शाई कागदात पसरते, टिपका फुगतो, त्यामुळे स्क्रीनवर बरोबर वाटणारा फोटो छापल्यावर गडद येतो. मधले टोन थोडे उघडून ठेवा आणि सर्वात गडद जागा अगदी शंभरवर न नेता पंच्याण्णवच्या आसपास ठेवा, नाहीतर केस, काळा कोट आणि मागची सावली सगळं एकाच डागात जातं.

स्टेप ३: सही, रेखाटन, क्यूआर कोड यांना फोटोसारखं वागवू नका

कवितेच्या पानावरचं पेनचं रेखाटन, संपादकांची सही, जाहिरातीतला यूपीआयचा क्यूआर कोड, यात मधला ग्रे नसतोच. असतो फक्त काळा आणि कोरा कागद. तरी लोक ते तीनशे डीपीआयचे जेपेग म्हणून टाकतात आणि रेघेची कड धुरकट छापून येते, कारण त्या कडेचा ग्रे दाखवायला छपाईचे बारीक टिपके पडतात.

करायचं असं. स्कॅन १२०० डीपीआयला करा, अगदीच नाही तर ६००. ग्रेस्केल करा, लेव्हल्सने कागदाचा मळकटपणा उडवा, मग इमेज, मोड, बिटमॅप, तिथे ५० टक्के थ्रेशोल्ड. टिफ सेव्ह करा. आता ही फाइल एक-बिटची झाली, प्रत्येक पिक्सेल एकतर आहे किंवा नाही. हिची खरी मजा पुढे आहे: इनडिझाइनमध्ये ही इमेज डायरेक्ट सिलेक्शनने पकडून तिला कुठलाही स्वॉच (पॅनलमध्ये ठेवलेला रंग) देता येतो, स्पेशल कलरसुद्धा. कोरलमध्ये बिटमॅप्स, मोड, ब्लॅक अँड व्हाइट करून पॅलेटवर राइट क्लिक केलं की काळ्या भागाचा रंग बदलतो, लेफ्ट क्लिकने पांढऱ्याचा. म्हणजे तेच रेखाटन लाल प्लेटवर हवंय? एका क्लिकचं काम, फोटोशॉपमध्ये परत जायला नको.

क्यूआर कोडकडे जरा जास्त लक्ष द्या. जाहिरातदार तो व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट म्हणून पाठवतो, तो आरजीबी (स्क्रीनचा लाल-हिरवा-निळा) असतो, तसाच पानावर टाकला की त्याचा काळा चार प्लेटवर जातो, आणि प्लेट केसभर हलली तरी छोट्या चौकोनांच्या कडेला रंगीत झालर येते. मोठा कोड तरी चालून जातो, पण दोन सेंटिमीटरचा कोड मोबाइलने वाचला नाही की जाहिरातदार पैसे कापतो. वरच्याच पद्धतीने एक-बिट करा, छापण्याआधी स्वतःच्या मोबाइलने स्कॅन करून बघा, आणि भोवती पांढरी जागा सोडा.

स्टेप ४: काळा किती काळा

आरजीबीचा शून्य-शून्य-शून्य काळा फोटोशॉपच्या अमेरिकन डिफॉल्ट सेटिंगमध्ये सीएमवायके केला की साधारण सी ७५, एम ६८, वाय ६७, के ९० होतो. बेरीज ३००. सीएमवायके फाइलमध्ये कीबोर्डवरचं डी दाबून येणारा काळासुद्धा हाच असतो, के १०० नाही, हे खूप जणांना माहीतच नसतं. या काळ्यात बारीक अक्षर घातलं तर चार प्लेटचं रजिस्टर त्या अक्षरावर जुळवावं लागतं. देवनागरीत तर हे लगेच उघडं पडतं: अनुस्वाराच्या टिंबामागे निळं टिंब, रफाराला गुलाबी सावली, शिरोरेषा दुहेरी. तेव्हा नियम सरळ आहे, मजकूर फक्त के १००, बाकी तिन्ही शून्य. आणि मजकूर फोटोशॉपमध्ये टाइप करायचाच नाही, तो इनडिझाइन-कोरलचा प्रांत आहे. वर्डमधून आलेला मजकूरही तपासा, त्याचा काळा आरजीबी असू शकतो.

उलट कव्हरवर पूर्ण पानभर काळी पार्श्वभूमी असेल तर नुसता के १०० कमी पडतो, छापल्यावर तो गडद राखाडी वाटतो, उन्हात धरला की अजूनच फिका. तिथे रिच ब्लॅक लागतो. सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० हा बऱ्याच ठिकाणी चालणारा फॉर्म्युला, बेरीज २४०. मला स्वतःला सी ४० अधिक के १०० एवढंच बरं वाटतं, दोनच प्लेट, जरा थंड असा काळा येतो आणि त्यातून उलटी काढलेली पांढरी अक्षरं कमी बुजतात. पांढरी अक्षरं बारीक असतील तर काळा कुठलाही घ्या, फॉन्ट एक वजन जाड ठेवा.

फोटोतल्या शाईची बेरीज बघायला फोटोशॉपच्या इन्फो पॅनलमध्ये टोटल इंक लावा आणि फोटोतल्या सगळ्यात गडद जागेवर कर्सर फिरवा. न्यूजप्रिंटला २४० च्या वर नको. आर्ट पेपरला ३०० पर्यंत सहसा चालतं, मॅपलिथोला त्याहून बरंच कमी, नक्की आकडा प्रेसकडूनच घ्या. जास्त शाई गेली की ती वाळत नाही, वरच्या शीटच्या पाठीला छाप उमटते, कटिंगला घाई केली की सगळी चवड खराब. बेरीज जास्त निघाली तर हाताने रंग कमी करत बसू नका, मूळ आरजीबीवरून एडिट, कन्व्हर्ट टू प्रोफाइल करा आणि त्या कागदाला साजेसा प्रोफाइल (त्या कागदावर शाई कशी बसते त्याचं सेटिंग) निवडा. असाइन नाही हं, कन्व्हर्ट.

एक जागा जिथे नवीन माणूस हमखास फसतो: कव्हरच्या फोटोची पार्श्वभूमी काळी, आणि फोटो पानाला पुरत नाही म्हणून खाली काळा चौकोन काढून जोड दिलेला. स्क्रीनवर जोड दिसत नाही. छापून आलं की बरोब्बर एक आडवी रेघ, वर गर्द काळा खाली पिचका काळा. कारण फोटोतला काळा ७५-६८-६७-९० आणि चौकोन के १००. यावर उपाय, फोटोच्या कडेला आयड्रॉपर लावून जे आकडे येतील तेच चौकोनाला द्या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे फोटोशॉपमध्येच कॅनव्हास वाढवून फोटो पानभर करा. इनडिझाइन आणि इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये अपिअरन्स ऑफ ब्लॅक म्हणून भाग आहे, तिथे सगळे काळे जसे आहेत तसे दाखव हा पर्याय निवडून ठेवा, म्हणजे के १०० स्क्रीनवरही राखाडी दिसेल आणि जोड आधीच सापडेल.

आणि हो, स्वॉचमध्ये रजिस्ट्रेशन नावाचा जो काळा दिसतो तो कटिंगच्या खुणांसाठी आहे. चारही शंभर, बेरीज ४००. त्याला हात लावू नका.

स्टेप ५: ओव्हरप्रिंट

रंगीत फोटोवर के १०० ची अक्षरं असतील तर खालचा फोटो अक्षराच्या आकारात कापला जातो (नॉकआउट) किंवा अक्षर सरळ वरून छापलं जातं (ओव्हरप्रिंट). बारीक काळ्या मजकुराला ओव्हरप्रिंटच हवं, नाहीतर प्लेट हलली की अक्षराच्या कडेने कागद डोकावतो. इनडिझाइनचा मूळचा ब्लॅक स्वॉच शंभर टक्क्यांवर आपोआप ओव्हरप्रिंट होतो, पण तुम्ही स्वतः बनवलेला के १०० चा स्वॉच होत नाही, दिसायला दोन्ही सारखेच. कोरलमध्ये ऑब्जेक्टवर राइट क्लिक करून ओव्हरप्रिंट फिल.

पांढऱ्याला मात्र चुकूनही ओव्हरप्रिंट लागू देऊ नका. काळ्या लोगोला ओव्हरप्रिंट दिलं, नंतर क्लायंट म्हणाला पांढरा करा, तुम्ही फक्त रंग बदललात, ओव्हरप्रिंट तसंच राहिलं. स्क्रीनवर पांढरा लोगो झकास दिसतो, प्लेटवर तो नाहीच. पांढरी शाई मशीनमध्ये नसते, पांढरं म्हणजे कोरा कागद. म्हणून फाइल पाठवण्याआधी ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू एकदा ऑन करून बघायचा.

स्टेप ६: टू कलरचा फॉर्म

इथे स्पेशल कलर आला. स्पेशल कलर म्हणजे आधीच मिसळून तयार केलेली शाई, तिची स्वतःची एक प्लेट. आपल्याकडे हे काही नवीन नाही, राजा रवी वर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला, तिथल्या देवीदेवतांच्या चित्रांना प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागायचा. आज दगडाच्या जागी प्लेट.

काळा अधिक लाल अशा फॉर्मसाठी पॅन्टोनचा (तयार शायांना नंबर देणारी कंपनी) नंबर हवाच असं नाही. छोट्या प्रेसमध्ये सरळ पद्धत चालते: फाइलमध्ये फक्त के आणि एम वापरा, सी आणि वाय शून्य, आणि प्रेसवाला मॅजेंटाच्या प्लेटला लाल शाई लावतो. स्क्रीनवर सगळं राणी कलरमध्ये दिसेल, घाबरू नका. पण हे प्रेसला लिहून द्या, तोंडी नको, नाहीतर राणी कलरमध्येच छापून येईल.

फोटोला दोन रंगांत घ्यायचं तर ड्युओटोन. आधी ग्रेस्केल, मग इमेज, मोड, ड्युओटोन. काळा पहिला, लाल दुसरा. दोन्हीचे कर्व्ह सारखे ठेवले तर गडद भागात दोन्ही शाया फुल बसतात आणि फोटो चिखल होतो, म्हणून लालचा कर्व्ह गडद टोकाला खाली ओढा, मधल्या टोनमध्ये थोडा राहू द्या. मॅजेंटाऐवजी पॅन्टोनचा स्वॉच घेतला असेल तर लालचं नाव पानावरच्या लाल स्वॉचच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. एकाचं नाव ४८५ सी आणि दुसऱ्याचं ४८५ यू असेल तर सॉफ्टवेअर त्याला दोन रंग समजतं आणि दोन प्लेट काढतं, शाई एकच असली तरी. शेवटचा सी किंवा यू हा आर्ट पेपरवर आणि साध्या कागदावर ती शाई कशी दिसेल एवढंच सांगतो. इनडिझाइनमध्ये इंक मॅनेजरमधून एकाला दुसऱ्याचा एलिअस करता येतो (म्हणजे दोन्ही एकाच प्लेटवर), पण मुळात नाव एकच ठेवा.

पॅन्टोनच्या लायब्ऱ्या अडोबीने २०२२ च्या शेवटी सॉफ्टवेअरमधून काढायला घेतल्या, त्यामुळे कुणाची जुनी फाइल उघडल्यावर स्पेशल कलरच्या जागी सगळं काळं दिसलं तर फाइल बिघडली असं समजू नका. चॅनलच्या रंगावर डबल क्लिक करून साधारण जवळचा रंग द्या. स्क्रीनवर तो कसा दिसतो याला महत्त्व नाही, प्लेट तीच निघते.

स्टेप ७: कव्हरवरचं गोल्डन

समजा फोटोतल्या पैठणीच्या काठाला गोल्डन शाई हवीय. सीएमवायकेमध्ये गोल्डन म्हणजे पिवळट तपकिरी, चमक नाही. पॅन्टोनमध्ये ८७१ ते ८७७ हे ओळखीचे मेटॅलिक नंबर, त्यात ८७७ सिल्व्हर. मॅपलिथोवर ही शाई आत मुरते आणि चमक जवळजवळ जाते, आर्ट कार्डवरच घ्या.

फोटोशॉपमध्ये सीएमवायके फोटो उघडा, काठाचं सिलेक्शन करा. चॅनल्स पॅनलच्या मेन्यूतून न्यू स्पॉट चॅनल (स्पॉट म्हणजेच स्पेशल कलर), नाव द्या, पानावरच्या स्वॉचचंच. सॉलिडिटी नावाचा आकडा दिसेल, तो फक्त स्क्रीनवरच्या दिसण्यासाठी आहे, शाई कमीजास्त होत नाही. आता हे चॅनल फोटोच्या वर ओव्हरप्रिंट होणार. काठाची नक्षी खालून दिसायला हवी असेल तर चॅनलमध्ये तीसचाळीस टक्के टोन ठेवा आणि खालचा फोटो राहू द्या. कोरा भरीव गोल्डन हवा असेल तर खालचा फोटो खोडावा लागेल: चॅनलवर कंट्रोल धरून क्लिक करा, सिलेक्शन येईल, सिलेक्ट, मॉडिफाय, काँट्रॅक्ट, दोन पिक्सेल, मग वर सीएमवायके चॅनलवर जाऊन त्या जागी पांढरं भरा. ते दोन पिक्सेल कमी केल्यामुळे गोल्डन कडेने फोटोवर थोडं चढतं आणि दुसऱ्या फेरीत शीट जरा हलला तरी पांढरी फट दिसत नाही. ज्यांना काठाचे मोर बारीक कापायचेत त्यांनी कापावेत, पण मी म्हणेन आकार सोपा ठेवा, मेटॅलिक शाईत बारीक नक्षी तशीही भरून जाते.

सेव्ह पीएसडीमध्ये करा किंवा टिफमध्ये स्पॉट कलर्सवर टिक ठेवून. जेपेगमध्ये स्पॉट चॅनल राहत नाही. स्पॉट यूव्ही (ठरावीक जागेवरच चकचकीत लेप) पण असंच बनतं, वेगळा स्वॉच ओव्हरप्रिंटला लावून किंवा त्याच मापाचं वेगळं पान करून त्यावर फक्त के १०० चे आकार, प्रेसला जसं हवं तसं.

स्टेप ८: प्लेट मोजा

इनडिझाइनमध्ये विंडो, आउटपुट, सेपरेशन्स प्रिव्ह्यू, ॲक्रोबॅट प्रोमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू. काळी प्लेट बंद करा. सगळा मजकूर गायब झाला पाहिजे. कुठे भुरकट अक्षरं मागे राहिली तर ती चार कलरमध्ये आहेत, पकडा. मग उलटं, फक्त काळी चालू ठेवा आणि सिंगल कलर पानं एकेक बघा. यादीत कव्हरला पाच नावं दिसली पाहिजेत. सी, एम, वाय, के ही चार नावं यादीत कायमच असतात, म्हणून आतल्या पानांवर एकाच प्लेटवर काही असलं पाहिजे, टू कलरला दोनच. सहावं नाव दिसलं तर कुणीतरी गोल्डन दोन नावांनी बनवलंय. कोरलवाल्यांनी प्रिंट डायलॉगमधून सेपरेशन लावून ऑफिसच्या साध्या लेझर प्रिंटरवर काढावं, जितके कागद बाहेर येतील तितक्या प्लेट, क्लायंटला समजवायलाही हे बरं पडतं.

पीडीएफ एक्स-वन-ए किंवा एक्स-फोरमध्ये, प्रेस म्हणेल ते. एक्सपोर्ट करताना स्पॉट टू प्रोसेस असं काही टिक झालेलं नाही ना ते बघा, नाहीतर गोल्डन परत मोहरी कलरमध्ये. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून कधीच नाही.

आणि सोबत असा मेसेज टाका: "कव्हर पाच प्लेट, सीएमवायके अधिक गोल्डन ८७१, गोल्डन दुसऱ्या फेरीत. आतले फॉर्म सिंगल कलर, फक्त काळा. चौथा फॉर्म टू कलर, काळा आणि लाल, फाइलमध्ये लालच्या जागी मॅजेंटा आहे, लाल शाई लावावी. पानं आठ आणि नऊ इथे उलटी पांढरी अक्षरं आहेत, शाई जास्त सोडू नये. प्लेट काढण्याआधी कव्हरचं प्रूफ दाखवावं."